पडलेली पाने आणि हातातली पाने: सोलापूरच्या परिसरातील पत्त्यांच्या खेळाचा इतिहास

पत्त्यांच्या खेळात नवखा खेळाडू ज्या चुका करतो त्या जवळपास सगळ्या जुन्या आहेत. गेलेली पाने न मोजणे, हातातले निरुपयोगी पान सोडायला न धजणे, हरलेले पैसे त्याच बैठकीत परत मिळवायला बसणे, हे गंजिफेच्या काळात घडत होते, रमीत घडते आणि आज पोकरच्या टेबलावरही घडते. कायद्याला या चुकांशी काही देणेघेणे नसावे असे वाटते, पण तसे नाही. कोणता खेळ कौशल्याचा आणि कोणता जुगार हे ठरवताना न्यायालयांनी जो निकष वापरला तो पाने लक्षात ठेवण्याचा आणि योग्य पान टाकण्याचाच होता. नवखा चुकतो तो नेमका तिथेच. म्हणून पत्त्यांचा इतिहास आणि चांगल्या खेळाचे शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

हा इतिहास पाहायला सोलापूर ही सोयीची जागा आहे. ब्रिटिश काळात सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यात होता. शहरापासून पूर्वेकडे थोडे गेले की नळदुर्ग आणि तुळजापूर निजामाच्या राज्यात लागत. अक्कलकोटला वेगळे संस्थान होते, ते १९४८ साली विलीन झाले. दक्षिणेकडचे विजापूर मात्र सोलापूरप्रमाणेच इलाख्यातले. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. गिरण्या आणि हातमाग यांच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा शहराच्या रोजच्या व्यवहारात रुळल्या. जुगाराचे कायदे मात्र सीमेगणिक बदलत होते. सोलापुरात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा चालत असे, तर निजामाच्या हद्दीत फसली १३०५ सालचा हैदराबादचा कायदा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विजापूर आणि गुलबर्गा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, हैदराबाद आंध्र प्रदेशात आले. आजही सोलापुरातून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत तीन राज्यांच्या तीन वेगवेगळ्या कायद्यांखाली पत्ते खेळू शकतो. निदान कायद्यापुरता तरी तो तीन ठिकाणी तीन वेगळे खेळ खेळत असतो.

छापील बावन्न पानांच्या आधी इथे गंजिफा होती. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, आणि अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफेचे वर्णन केले आहे. पुढे आठ रंगांची, ९६ पानांची मोगल गंजिफा रूढ झाली. महाराष्ट्रात जी रुजली ती दशावतारी. तिच्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने धरून बारा, म्हणजे एकूण १२०. महाराष्ट्रातील दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी पुष्कळदा बुद्धाऐवजी पंढरपूरचा विठ्ठल दिसतो, आणि पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातलेच. गोल पाने हाताने रंगवली जात. चिंचोक्याच्या खळीचे थर, वर खडूचा लेप, मग घोटाई आणि शेवटी लाख अशी ती घडत. सावंतवाडीच्या चितारी घराण्यांनी ही कला टिकवली. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर ती जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले. या कलेबद्दल बरेच लिहिले गेले आहे. खेळाबद्दल फार कमी, आणि ही उपेक्षा खटकणारी आहे, कारण गंजिफा हा अतिशय कठीण खेळ आहे.

दशावतारी गंजिफा सहसा तिघांत खेळतात, प्रत्येकाला चाळीस पाने. उतारी दिवसा रामाचा राजा असलेल्याची, रात्री कृष्णाचा राजा असलेल्याची. पाच रंगांत दश्शी भारी आणि एक्का हलका, उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे. हुकमाचा रंग नाही. त्यामुळे एखादे पान हात जिंकेल की नाही हे त्या रंगातली त्याच्यावरची पाने पडून गेली आहेत की नाहीत यावरच ठरते. राजा गेला की प्रधान थोर, प्रधान गेला की त्याखालचे पान थोर. दहा रंगांतला हा उतरता क्रम, त्यातही अर्ध्या रंगांत उलटा, सतत डोक्यात ठेवायचा. कागदावर टिपण्याची सोय नाही. नवख्याला हातातली चाळीस पाने दिसतात, बाहेरची ऐंशी दिसत नाहीत. जाणता खेळाडू हातातली पाने रंगवार लावून झाली की पुन्हा त्यांच्याकडे फारसे पाहत नाही, त्याचे लक्ष खाली पडणाऱ्या पानांवर असते. गंजिफा शिकण्याची वाटही त्यामुळे ठरलेली आहे. आधी दोन-तीन रंगांचीच पाने ध्यानात ठेवायची, ती नीट जमली की रंग वाढवत न्यायचे. स्मरणशक्ती जन्मजात असते असे मानून हात टेकणाऱ्यांनी ही पायरी-पायरीची पद्धत वापरून पाहिलेली नसते.

पाश्चात्त्य पत्ते पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात किनाऱ्यावर आले. मात्र घरोघरी पोचले ते एकोणिसाव्या शतकात, युरोपातल्या छापखान्यांचे स्वस्त जोड बाजारात आल्यावर. मराठी घरांनी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार रंग आपलेसे केले आणि त्यांवर आपले खेळ बसवले: मेंढीकोट, पाच-तीन-दोन, तीनशेचार, बदाम सात, झब्बू. यातला मेंढीकोट खास. चार भिडू समोरासमोर जोडीने बसतात, तेरा-तेरा पाने. जिंकायच्या त्या चार दश्श्या. तीन पकडणाऱ्या जोडीचा डाव, आणि चारही पकडल्या तर मेंढीकोट. हुकूम कधी बंद ठेवतात, कधी पहिल्यांदा रंग तुटेल तेव्हा ठरवतात. नवखा भिडू दोन गोष्टी करतो. हात आपल्या जोडीदाराचा आहे की नाही हे न पाहता दश्शी टाकून मोकळा होतो, किंवा भीतीपोटी ती शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि अखेरच्या हातात ती हुकमाखाली जाते. त्या रंगाचा एक्का, राजा, राणी, गुलाम पडले का, हुकमाची किती पाने उरली, आणि जोडीदाराने कोणत्या रंगात मुद्दाम हलके पान टाकले, या तीन प्रश्नांची उत्तरे आली की दश्शी कधी उतरवायची हे आपोआप कळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुले हा हिशेब आजोबा-आजींच्या शेजारी बसून शिकतात. महाराष्ट्रात पत्त्यांचे खरे शिक्षण या घरगुती डावांनीच दिले, आणि तिथे पैसा नव्हता हे महत्त्वाचे आहे: चूक परवडत होती म्हणून ती सुधारता आली.

पैसा आला की कायदा आला. १८८७ च्या कायद्याने जुगाराचा अड्डा चालवणे, तिथे सापडणे आणि सार्वजनिक जागी जुगार खेळणे हे गुन्हे ठरवले. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमाने निव्वळ कौशल्याचा खेळ, तो कुठेही खेळला तरी, वगळला. पण निव्वळ कौशल्य म्हणजे काय? पाने पिसून वाटायची म्हटल्यावर नशीब कुठल्याच पत्त्यांच्या खेळातून संपूर्ण काढता येत नाही. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न प्रथम कोड्यांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला. बंगळूरहून निघणारे 'स्पोर्टिंग स्टार' हे पत्र शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धा चालवी, मुंबई राज्यातही त्यांचे असंख्य स्पर्धक होते. त्यावरून उभ्या राहिलेल्या १९५७ च्या चमारबागवाला खटल्यांत न्यायालयाने म्हटले की जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती स्पर्धा जुगार नव्हे. सगळे काही कौशल्यच असावे अशी अट राहिली नाही.

पत्त्यांना ही कसोटी लागली ती सोलापूरच्या पूर्वेला, जुन्या निजामी कायद्याखाली. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर मे १९६३ मध्ये पोलिसांचा छापा पडला. सभासद पैसे लावून रमी खेळत होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. रमी हा तीन पत्तीसारखा केवळ नशिबाचा खेळ नाही, कारण तिच्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान धरायचे, कोणते टाकायचे यात बरेच कौशल्य लागते. वाटपातले नशीब ब्रिजमध्येही असते, तेवढ्याने ब्रिज जुगार ठरत नाही. निकालाने एक दार मात्र उघडे ठेवले: क्लबचा चालक खेळातूनच नफा कमावत असेल किंवा दुसऱ्या मार्गाने जुगार चालत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. रमी क्लबांविरुद्धच्या खटल्यांत पुढे या वाक्याला फार महत्त्व आले.

या निकालातली दोन कामे, धरणे आणि टाकणे, रमी शिकणाऱ्याने पाटीवर लिहून ठेवावीत इतकी नेमकी आहेत. तेरा पानी रमीत नवखा खेळाडू चित्रांच्या पानांना चिकटतो. राजा-राणी हातात आले की गुलामाची किंवा एक्क्याची वाट पाहत बसतो, आणि समोरच्याने डाव लावला की प्रत्येक चित्राचे दहा गुण अंगावर येतात. मधल्या पानांची किंमत त्याला कळत नाही. सत्ती पाच-सहा-सात, सहा-सात-आठ, सात-आठ-नऊ अशा तीन लागोपाठच्या जुळण्यांत बसते. राजा दोनच जुळण्यांत बसतो. दुसरी चूक जोकरची: जोकर हाती असला की तो लगेच कुठेतरी जोडून टाकायचा आणि जोकरविरहित शुद्ध लागोपाठी, जिला खेळाडू लाईफ म्हणतात, मागे ठेवायची. लाईफ लागली नाही तर बाकीच्या सगळ्या जुळण्या वाया जातात, म्हणून तिचे काम पहिले. तिसरी चूक सर्वांत महाग. समोरच्याने बदाम अठ्ठी उचलली, तरी हा दोन पाळ्यांनी बदाम नव्वी टाकतो, कारण ती त्याला नको असते. टाकण्याआधी आपल्याला काय नको एवढेच न पाहता समोरच्याला काय हवे हे पाहायचे असते. आणि पाने वाईट असतील तर सुरुवातीलाच डाव सोडायचा. प्रचलित गणनेत पहिल्या खेपेला सोडले तर २० गुण लागतात, मध्येच सोडले तर ४०, आणि पूर्ण हरले तर ८० पर्यंत. वीस गुण देऊन उठणे नवख्याला अपमानाचे वाटते. मुरलेल्या खेळाडूंचा हात इथेच वेगळा पडतो.

तीन पत्तीबद्दल न्यायालयाने काढलेले उद्गार थोडे सरसकट आहेत. तीन पानांच्या २२,१०० शक्य जुळण्यांपैकी १६,४४० मध्ये काहीच जुळत नाही, जोडी ३,७४४ मध्ये येते, कलर १,०९६, सीक्वेन्स ७२०, शुद्ध सीक्वेन्स ४८ आणि ट्रेल ५२. म्हणजे जोडी किंवा त्याहून वरचा हात साधारण चार डावांत एकदाच येतो. हे ठाऊक नसलेला माणूस जोडी पाहून हिरमुसतो आणि वर राजा असलेली विजोड पाने घेऊन पॅक व्हायचे नाकारतो. बघून खेळणाऱ्याला अंधारात खेळणाऱ्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते, हेही तो विसरतो आणि पहिल्याच फेरीत पाने उचलतो. तरीही कायद्याच्या दृष्टीने तीन पत्ती नशिबाच्याच बाजूला राहिली, कारण इथे एकही पान बदलता येत नाही, धरण्या-टाकण्याला वावच नाही. तिच्याही पलीकडे मटका. १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी वाढवलेल्या या आकड्यांच्या जुगारात पत्त्यांच्या जोडातून तीन पाने काढून आकडा ठरवला जाई. तो मुळात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चालणाऱ्या सट्ट्यातून निघाला आणि गिरण्यांच्या वस्त्यांतून पसरला. तिथे खेळाडूने शिकावे असे काहीच नव्हते. शिकण्याजोगे काही असल्याचा भास मात्र जुन्या आकड्यांचे तक्ते विकणाऱ्यांनी जपला.

पोकर कौशल्य आणि नशीब या दोन टोकांच्या मधे येतो, म्हणूनच त्याच्यावर वाद झाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिसिसिपी नदीकाठी, न्यू ऑर्लिन्सच्या आसपास तो वाढला, आधी वीस पानांचा आणि मग बावन्न पानांचा. तीन पत्तीचा पूर्वज मानला जाणारा इंग्रजी ब्रॅग आणि पोकर हे नात्यातलेच खेळ. लास व्हेगासमध्ये १९७० पासून जागतिक मालिका भरू लागली आणि टेक्सास होल्डेम हा प्रकार सर्वत्र गेला. त्यात प्रत्येकाला दोन बंद पाने, आणि मधे सर्वांसाठी पाच उघडी. महाराष्ट्रात तो गोव्याच्या कॅसिनोंमधून आणि नंतर मोबाइलवरून आला. गोव्याने १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या करून कॅसिनोंना वाट दिली. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

होल्डेममध्ये दोन पानांच्या १,३२६ जुळण्या होतात. त्यातल्या एक्क्यांच्या जोड्या फक्त सहा, म्हणजे २२१ डावांत एकदा. कोणतीही जोडी येण्याची शक्यताही सहा टक्क्यांहून कमी. नवखा मात्र निम्म्याहून अधिक डाव खेळतो, कारण बसून राहण्यासाठी तो आलेला नसतो. पहिली सुधारणा म्हणजे हे थांबवणे. त्यातही आपली बोली आधी आहे की नंतर हे पाहणे आलेच: सर्वांच्या नंतर बोलणाऱ्याला इतरांनी काय केले ते दिसते, म्हणून शेवटच्या जागेवरून खेळता येणारी पाने पहिल्या जागेवरून सोडावी लागतात.

दुसरी सुधारणा गणिताची आहे. समजा, एकाच रंगाची चार पाने जमली आहेत आणि एकच उघडे पान यायचे आहे. न दिसलेल्या ४६ पानांपैकी नऊ आपल्या कामाची, म्हणजे सुमारे १९.६ टक्के. मधे ३०० रुपये आहेत आणि समोरच्याने १०० लावले. आता १०० भरून ५०० मिळवायचे असल्याने निदान २० टक्के शक्यता हवी. हिशेब जेमतेम काठावर येतो. मधे २०० च असते तर २५ टक्के लागले असते आणि पाने टाकणे बरोबर ठरले असते. हातातली पाने तीच, उत्तर बदलले ते मधल्या रकमेमुळे. ज्याला हे उमगत नाही तो 'एवढे भरले, आता मागे कसे हटू' असे म्हणतो. भरलेले पैसे आता त्याचे राहिलेले नसतात, ते सर्वांच्या मधे पडलेले असतात.

तिसरी गोष्ट हूल देण्याची, म्हणजे ब्लफची. नवखा एकतर प्रत्येक डावात ती देतो किंवा कधीच देत नाही. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मधल्या खेळांच्या सिद्धांतावरील ग्रंथात पोकरचे सोपे रूप घेऊन दाखवले की हूल हा योग्य खेळाचा आवश्यक भाग आहे, आणि ती सर्वांत वाईट पानांवर द्यावी. मध्यम पाने शेवटी उघडून पाहण्यासाठी राखायची. नवखा नेमके याच्या उलट करतो: तो मध्यम पानांवर मोठी बोली लावतो, त्यामुळे कमजोर लोक उठून जातात आणि बलवान तेवढे उरतात.

सर्वांत जुनी चूक पैशाची. तिचा मराठीतला पुरावा 'लीळाचरित्रा'त आहे. चक्रधर पूर्वी भडोचला हरिपाळदेव असताना द्यूतात हरले, देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाईसाकडे दागिने मागितले, तिने नकार दिला, आणि त्यातून त्यांना विरक्ती आली. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातही घरदार गमावलेला माणूस पुन्हा फाशांकडे जातो. खेळ शिकवणारी आजची पुस्तके यासाठी एकच नियम सांगतात: खेळासाठी वेगळी ठेवलेली, गेली तरी घरावर परिणाम होणार नाही एवढीच रक्कम, आणि एका बैठकीत तिचा छोटा भागच लावायचा. हरल्यावर रक्कम वाढवायची नाही. राग किंवा थकवा आला की उठायचे. पगाराचे, उसने किंवा शिक्षणाचे पैसे टेबलावर आणणाऱ्याला कोणतेही कौशल्य वाचवत नाही, कारण चांगला खेळाडूही अनेक बैठका सलग हरू शकतो आणि त्याचे कौशल्य दीर्घ काळातच दिसते.

पोकरमधले हे कौशल्य न्यायालयांना सारखेच दिसले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, पोकर कौशल्याचा खेळ म्हणून खेळला जात असेल तर परवान्याची गरज नाही, अशी भूमिका घेतली. म्हणजे विजापूर आणि गुलबर्ग्याला तो एका अर्थाने वैध. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये उलट निकाल दिला. या निकालामागचा गुजरातचा कायदा म्हणजे मूळचा मुंबईचा १८८७ चाच, सोलापुरात लागू असलेला. १९६० मध्ये राज्य दुभंगले तेव्हा तो दोन्हीकडे गेला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात तर पोकर, ब्रिज आणि रमी नाव घेऊन जुगारातून वगळले आहेत. तेलंगणाने २०१७ मध्ये कायदा बदलून पैसे लावून खेळलेल्या रमीचीही सवलत काढून घेतली. सिकंदराबादच्या क्लबने मिळवलेले संरक्षण त्याच भूमीत संपले.

मोबाइलवरच्या खेळांनी हा सगळा वाद बाजूला सारला. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. समोरासमोर बसून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांना मात्र हा कायदा लागू नाही. तिथे सोलापुरात आजही १८८७ चा कायदा आणि त्याचे तेरावे कलम चालते, आणि एखाद्या क्लबवर छापा पडला तर वकिलाचा युक्तिवाद १९६७ च्या त्या निकालावरच उभा राहतो.